सुपातला युरोप

भूगोलाच्या मास्तराला निवृत्तीनंतर कुत्रंसुद्धा विचारत नाही. गणितवाल्याकडे शिकवणीला पोरं येतात, इंग्रजीवाल्याकडे अर्ज लिहून घ्यायला माणसं येतात, मराठीवाल्याला निदान लग्नात मंगलाष्टकं म्हणायला तरी बोलावतात. भूगोलवाल्याला काय विचारणार? फार तर, "सर, औंदा पाऊस कसा?" आणि सांगितलेलं चुकलं की पुढच्या वर्षी तेही नाही. शहाद्याच्या बसस्टँडवर माझे जुने विद्यार्थी भेटतात, वाकून नमस्कार करतात आणि म्हणतात, "सर, तुमचा विषय लई सोपा होता." याचा अर्थ त्यांनी तो कधी उघडला नव्हता.

नोकरीची सुरुवात वर डोंगरातल्या धडगावला झाली, शेवट खाली सपाटीवरच्या म्हसावदला. मधलं सगळं सेवापुस्तकात आहे, ते तिथंच राहू दे. मला सांगायचंय ते युरोपबद्दल. हसू नका. सातपुड्याच्या पायथ्याला राहून मी जन्मभर पोरांना युरोप शिकवला, आणि स्वतः सुरतेच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही.

युरोप शिकवणं हे डोकेदुखीचं काम आहे. चिमूटभर जागा आणि त्यात चाळीस-पन्नास देश कोंबलेले. पोरं नावं घोकतात, पेपर झाला की विसरतात. इतके देश मुळात झाले कसे, त्यातले काही शेकडो वर्षं जसेच्या तसे का आणि काही दर दोन पिढ्यांनी का मोडतात, हे पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं. त्यात माझा वर्ग म्हणजे कडबोळं. डोंगरातली पोरं घरी पावरी बोलणार, गावातली अहिराणी, तापीकाठच्या गुजरांची पोरं त्यांची गुजरी. माझी प्रमाण मराठी सगळ्यांना सारखीच परकी. तोंडानं सांगून उपयोग नाही हे मला धडगावलाच कळलं.

म्हणून मी घरचं एक जुनं सूप उचललं. आमच्या सौ. म्हणाल्या, "धान्य पाखडायचं सोडून आता पोरं पाखडणार का?" मी म्हटलं, जवळजवळ तसंच. सुपात काळ्या मातीचा चिखल थापून युरोप केला. आल्प्सचा जाड वरंबा. खाली बाल्कनात धोतर चोळामोळा करून टाकावं तशा घड्या. कार्पेथियन डोंगर विळ्यासारखा वाकडा. आणि वरच्या अंगाला फ्रान्सपासून रशियापर्यंत सगळं सपाट, आपल्या शहादा-तळोद्यासारखं. वाळलं की त्यावर ज्वारी, बाजरी, उडीद, मका टाकायचा आणि सूप हळूच हलवायचं. सपाटीवरचे दाणे या टोकाचे त्या टोकाला पळतात, एकमेकांत मिसळतात, काही तर सुपाबाहेर जातात. घड्यांतले दाणे मात्र अडकून बसतात, दर घडीत वेगळे. पोरं डोळे विस्फारून बघत राहायची. इतक्या भाषा कुठून आल्या हे मग सांगावं लागत नसे.

सूप सगळंच सांगत नाही, हेही मी बजावून सांगायचो. स्वित्झर्लंड म्हणजे निव्वळ घड्या, चार भाषा, तरी तो देश शेकडो वर्षं एकत्र नांदतो. कारण घाट सगळ्यांचे सामाईक, एकमेकांशी जुळवून घेतल्याशिवाय कोणाचाच माल खाली उतरत नाही. युगोस्लाव्हियात घड्या तशाच, पण तिथं एकीकडून ऑस्ट्रियाचे बादशहा आणि दुसरीकडून तुर्कांचे सुलतान शतकानुशतकं ओढत राहिले. एका खोऱ्यात चर्च, शेजारच्या खोऱ्यात मशीद आणि वरून बसवलेला एक झेंडा. तो झेंडा धरणारा वरचा हात निघाला, आणि रक्त सांडून देश वेगळे झाले. पोलंड साफ सपाट. शेजाऱ्यांनी तो आपसांत वाटून घेतला आणि शंभरावर वर्षं नकाशातून गायब केला. पण लोकांनी भाषा घरात जिवंत ठेवली होती, म्हणून देश परत उगवला. एवढे अपवाद सांगूनही शेवटी मी फळ्यावर लिहायचो, "डोंगर सांभाळतो, सपाटी वाहून नेते." बोर्डाच्या परीक्षेत ही ओळ कधी आली नाही.

एकदा तपासणीला एक साहेब आले. मी रंगात येऊन सूप हलवत होतो. साहेबांनी दारातूनच विचारलं, "पोषण आहाराचं धान्य वर्गात कसं?" मी म्हटलं, "साहेब, हा युरोप आहे." ते आत आले, वाकून बघितलं, एक मक्याचा दाणा उचलून परत ठेवला आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "याचं वजन करून ठेवा." आता याच्यापुढे काय बोलणार!

शाळेचा भिंतीवरचा नकाशाही असाच. सोव्हिएत संघ मोडला, युगोस्लाव्हिया मोडला, पण आमचा कापडी नकाशा मोडायला तयार नव्हता आणि नवा मिळत नव्हता. मग मी पांढरे कागद कापून त्यावर नवे देश रंगवले आणि डिंकानं चिकटवले. पावसाळ्यात डिंक सुटायचा. एखादा देश खाली पडला की पोरं ओरडायची, "सर, क्रोएशिया पडला!" मी पुन्हा चिकटवायचो. तिकडे लोकांनी जीव देऊन मिळवलेले देश इकडे डिंकावर तगत होते.

धडगावला असतानाची एक गोष्ट मात्र अजून बोचते. रमिला पावरा नावाची एक मुलगी वसतिगृहात होती, नर्मदाकाठच्या गावची. धरणाचं पाणी चढलं, गाव बुडालं आणि तिच्या घरच्यांना खाली सपाटीवर जमीन मिळाली होती. मी सांगत होतो की युरोपात कसं माणसं जागच्या जागी राहिली आणि सीमाच त्यांच्या डोक्यावरून सरकत गेल्या. रमिला उभी राहिली. म्हणाली, "सर, आमच्याकडे उलटं झालं. सीमा जागेवर राहिली अन् गाव सरकलं. याला काय म्हणतात?" मी तिला पुनर्वसन हा शब्द सांगितला. तिनं तो वहीत लिहून घेतला आणि खाली बसली. तो शब्द सांगताना मला फार अवघड वाटलं होतं.

आता हेतलबद्दल.

हेतल ही म्हसावदच्या मोहनभाई पाटलांची मुलगी. केळी आणि कापूस पिकवणारं गुजर कुटुंब, पिढ्यान्पिढ्या तापीच्या खोऱ्यातलं. पोरगी हुशार, पण भूगोलात आनंदीआनंद. दहावीच्या सराव परीक्षेत तिनं पोलंड समुद्राच्या मधोमध काढला होता. मी म्हटलं, "बाई, निदान किनाऱ्याला तरी लाव." पुढं तिला डॉक्टर व्हायचं होतं, इथं सरकारी कॉलेजात जागा मिळाली नाही, तेव्हा आपल्या भागातली बरीच मुलं जात होती तशी ती युक्रेनला गेली. जाण्याआधी पेढे द्यायला आली तेव्हा मी तिला युक्रेन कुठंय ते दाखवलं. ती म्हणाली, "सर, आता काय परीक्षा आहे का?"

परीक्षा आलीच. तिकडे युद्ध पेटलं त्या आठवड्यात म्हसावदात कोणाचं कामात लक्ष नव्हतं. हेतल पश्चिमेकडच्या टर्नोपिल नावाच्या शहरात होती, म्हणून सुरुवातीला जरा धीर होता. मग एका सकाळी मोहनभाई मोटारसायकलवर शहाद्याला माझ्या दारात आले. केळीची काढणी टाकून आलेले, कपड्यांवर चिकाचे डाग. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"सर, पोरगी तठे अटकी गयी," ते म्हणाले. "पोलंडनी बॉर्डरवर. बसनं सोडं, मंग पायी चालत गयी. आते गेट उघडत नही. बरफमा बशेल शे. कसं करानं?"

त्यांनी फोन लावला. पडद्यावर हेतलचा चेहरा आला, टोपीत गुंडाळलेला, ओठ फुटलेले. मागं माणसंच माणसं.

"सर, इथं सगळे म्हणतात आज सोडतील. कालही हेच म्हणत होते. माझ्यासोबतच्या एका मुलीला चक्कर आली. आम्ही काय करू?"

मी कपाटातून नकाशांचं पुस्तक काढलं आणि ओट्यावर पसरलं. डोकं मात्र वर्गात चालायचं तसंच चालायला लागलं. पूर्वेकडून आक्रमण आलंय. मधे एकही डोंगर नाही. म्हणजे सगळ्या देशाची माणसं त्याच सपाटीवरून पश्चिमेला लोटणार आणि पोलंडच्या दारात तुंबणार. पण दक्षिणेला कार्पेथियनचा विळा आहे. त्याच्या पलीकडे युक्रेनचाच एक तुकडा राहिलेला, तिथं उझ्होरोद, चोप ही गावं. त्या तुकड्यावर शंभर वर्षांत पाच झेंडे बदलले. माणसं तीच राहिली. अलीकडे हंगेरियन बोलणारी गावं, पलीकडे हंगेरी. आपल्या अक्कलकुव्याकडच्या माणसाची सोयरीक गुजरातेत असते तसं. सीमेच्या दोन्ही अंगाला सोयरे असले की दार लवकर उघडतं. शिवाय रेल्वे थेट चोपपर्यंत जाते.

मी विचारलं, "हेतल, मागं लव्हिव शहराला जायला काही आहे का?"

"बसेस माणसं सोडून रिकाम्याच परत जातात, सर."

"मग त्या बसनं परत फिर. लव्हिवहून डोंगर ओलांडणारी गाडी पकड. चोपला उतर."

मोहनभाईंनी फोन माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला. "सर, हातभर दूर शे पोलंड! अन् तुम्ही तिले मागे फिरवी ऱ्हायनात? डोंगरमा? सपाटीना रस्ता सोडीसन पोरले डोंगरमा घालानी?"

त्यांची चूक नव्हती. आम्ही तापीकाठची माणसं घाट म्हटलं की दचकतो. कोणाची बदली धडगावला झाली की आमच्याकडे त्याच्या घरी माणूस गेल्यासारखे भेटायला जातात. घाटात जीप उलटते, दरड कोसळते, उजेड आहे तोवर खाली उतरा, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. त्यामुळे संकट आलं की आमचे पाय आपोआप सपाटीकडे वळतात. मीही धडगावला हजर व्हायला निघालो तेव्हा आईनं अंगारा लावला होता.

मी म्हटलं, "मोहनभाई, तुमचे वाडवडील गुजरातेतून इथं आले ते कोणत्या वाटेनं?"

"तापीना काठेकाठे."

"आणि सुरतेकडून बुऱ्हाणपूरला फौजा जायच्या, त्या कोणत्या वाटेनं?"

ते ओट्यावर टेकले.

"त्याच वाटेनं," मी म्हटलं. "सपाटीवरनं सोयरा येतो तसा वैरीही येतो. धडगावात मी इतकी वर्षं काढली, तिथं कोणाची फौज आल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. फौजेला डोंगर नको असतो. म्हणून पोरीला डोंगरापलीकडे जाऊ द्या."

आमच्या सौ. दारात उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "नक्की माहीत आहे ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही."

खरं तेच होतं. मला काय माहीत होतं? पुस्तकातल्या रेघा. गाडी सुरू आहे की बंद, डोंगरात बर्फ किती, पूल शाबूत आहेत का, काहीही माहीत नव्हतं. सुरतेपलीकडे न गेलेला एक मास्तर ओट्यावर बसून कोणाच्या तरी लेकीला हातातोंडाशी आलेल्या दारातून माघारी फिरवत होता. माझं बोट त्या पानावर चोपवर टेकलेलं होतं आणि मोहनभाई त्या बोटाकडे बघत होते. त्यांनी फोन तोंडाशी नेला.

"हेतल, सर सांगतस तसं कर."

ती निघाली. तिच्या गटातले निम्मे तिच्याबरोबर फिरले, निम्मे तिथंच थांबले. मग फोन बंद. बॅटरी संपली असेल, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. मोहनभाई एकटे घरी जाईनात. मी त्यांच्याबरोबर म्हसावदला गेलो, कारण घरात नुसता बसलो असतो तर वेडा झालो असतो. तिथं हेतलची आई, कमलबेन, चुलीपुढं बसलेल्या. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. चहा करून दिला आणि पुन्हा चुलीपुढं बसल्या. त्या घरात मी पहिल्यांदाच गुन्हेगारासारखा बसलो होतो. आयुष्यात हजारो पोरांना चुकीच्या उत्तराला शून्य दिलं. माझ्या चुकीला काय मिळणार होतं, ते मला बसल्या बसल्या दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. हेतल हंगेरीतून बोलत होती. गाडीत उभं राहायला जागा नव्हती, पण गाडी डोंगर ओलांडून गेली. चोपजवळच्या एका गावात एका बाईनं त्यांना घरात घेतलं, गरम सूप दिलं, पायमोजे वाळत घातले आणि सकाळी स्वतः स्टेशनवर आणून सोडलं. मोहनभाईंनी फोन कानाला धरला तो खाली ठेवीनात. फोन कधीचा बंद झाला होता आणि ते "हा बेटा, हा बेटा" म्हणत होते. मी अंगणात जाऊन रडलो. आत रडायची लाज वाटली.

आता पुढचं ऐका, म्हणजे मास्तराला फार मोठं म्हणायला नको. पोलंडच्या सीमेवर थांबलेली निम्मी मुलंही त्यानंतर लवकरच पलीकडे गेली. सगळी सुखरूप. म्हणजे मी काही सांगितलं नसतं तरी हेतल आलीच असती. हे मी मोहनभाईंना प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि घरी केळीचे दोन घड पाठवले. गावात बोभाटा झाला की सरांनी नकाशात बघून पोर आणली. त्यानंतर बरेच दिवस लोक माझ्याकडे हरवलेली म्हैस कोणत्या दिशेला गेली असेल तेही विचारायला यायचे.

हेतल घरी आली आणि अडकली. शिक्षण अर्धवट. इथली कॉलेजं घेईनात. नातेवाईक स्थळं आणू लागले. ती ऑनलाइन तास करत माडीवर बसायची. अशी कितीतरी मुलं त्या काळात घरोघरी बसली होती. मग एक दिवस तिनं जाहीर केलं की तिला परत जायचंय. डोंगरापलीकडे उझ्होरोदच्या विद्यापीठात बदली मिळत होती. तिथं युद्धाची झळ त्यातल्या त्यात कमी होती. घरात रणकंदन झालं. शेवटी मोहनभाई म्हणाले, "सरले बलावा. सर सांगतीन ते."

मी गेलो. माडीवर सगळे जमलेले. नकाशा नेला नव्हता तरी सगळे माझ्या हाताकडेच बघत होते. मी हेतलला म्हटलं, "तुला मी शिकवलंय ना, सपाटीचा देश वाहून जातो? तो देश सपाट आहे."

ती म्हणाली, "सर, सगळे म्हणत होते चार दिवसांत संपेल. तुमच्या फळ्यावरच्या ओळीप्रमाणे तो कधीच वाहून जायला हवा होता. गेला नाही. तिथं माझ्या मॅडम बॉम्ब पडत असताना तळघरात शिकवतात. त्यांना कोणता डोंगर सांभाळतोय?"

जन्मभर मी माती, पाणी आणि उंची शिकवली. माणसाच्या हट्टाला माझ्या सुपात जागाच नव्हती. मी तिला एवढंच म्हणालो, "तो धडा मी परीक्षेपुरता शिकवला होता गं." ती हसली. बाकी कोणी हसलं नाही.

"सांगा सर," मोहनभाई म्हणाले. "जाऊ देवानं का नही?"

मी हेतलकडे बघितलं. मग म्हटलं, "डोंगरानं आजवर राखलंय. उद्याचं मला दिसत नाही. माझी मुलगी असती तर मी जाऊ दिलं नसतं. पण ती माझी विद्यार्थिनी आहे, आणि विद्यार्थिनीला मी सांगेन, अर्धवट सोडू नकोस. जा."

तेव्हा कमलबेन माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या. आवाज चढवला नाही.

"मंग ती कोनी शे, सर? तुमनी का मन्ही?"

तुमची की माझी, एवढंच त्यांनी विचारलं. मी हात जोडले आणि जिना उतरून बसस्टँडवर आलो. पुढच्या आठवड्यात कमलबेननीच हेतलची बॅग भरली, असं मोहनभाईंनी सांगितलं.

हेतलचं आता शेवटचं वर्ष आहे. तिकडे सकाळ झाली की ती आईला फोन करते, तेव्हा आपल्याकडे दुपार होत आलेली असते. तिचा फोन येऊन गेला की मोहनभाई मला फोन करून एकच शब्द सांगतात, "उना." म्हणजे आला. मग आमच्या सौ. ताट वाढतात. एखाद्या दिवशी मोहनभाईंचा फोन येत नाही. सौ. म्हणतात, "विसरले असतील शेतात. भाकरी गार होते, जेवून घ्या." मी म्हणतो, थांब जरा. आणि त्या माझ्यासमोर बसून राहतात.